थांबणाऱ्या पदार्थाचे गणित : एकविध मंदनाच्या कल्पनेचा इतिहास

गतिशास्त्राच्या कोणत्याही प्रारंभिक पाठ्यपुस्तकात एकविध मंदनावरील उदाहरणांना दोन-तीन पृष्ठांहून अधिक जागा मिळत नाही. अमुक वेगाने धावणाऱ्या गाडीला ब्रेक लावला असता ती किती सेकंदांत थांबेल, आणि थांबेपर्यंत किती अंतर काटील, एवढाच काय तो प्रश्न असतो. आरंभीच्या वेगाला मंदनाने भागले की काल मिळतो. वेगाच्या वर्गाला मंदनाच्या दुपटीने भागले की अंतर मिळते. विद्यार्थी ही दोन्ही सूत्रे एका दमात पाठ करतो, आणि एकात वेग सरळ येतो व दुसऱ्यात त्याचा वर्ग येतो याचे त्याला काही विशेष वाटत नाही. वेग दुप्पट झाला तर थांबण्याचा काल दुप्पट होतो, पण अंतर मात्र चौपट होते. या दोन उत्तरांत वस्तुतः कोणताही विरोध नाही. तथापि ती परस्परविरोधी आहेत असे मानून युरोपातील पहिल्या प्रतीच्या पंडितांनी अर्ध्या शतकाहून अधिक काळ वाद घातला, आणि त्या वादाचे मूळ गणितात नसून शब्दात होते. थांबणाऱ्या पदार्थात जे ‘संपते’ त्याला काय म्हणावे हेच ठरलेले नव्हते. या दृष्टीने पाहता मंदनाच्या साध्या उदाहरणामागचा इतिहास हा पदार्थविज्ञानाइतकाच परिभाषेचाही इतिहास आहे.

प्राचीनांपुढे हा प्रश्न फेकलेल्या दगडाच्या रूपाने उभा होता. ॲरिस्टॉटलच्या मते जड पदार्थाची खाली येण्याची गती स्वाभाविक आणि वर जाण्याची गती बलात्काराची. बलात्काराच्या गतीला प्रत्येक क्षणी चालक हवा, म्हणून हातातून सुटलेल्या दगडाला भोवतालची हवा पुढे ढकलते असे त्याने मानले. हिपार्कसचा विचार निराळा होता. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे. पण सहाव्या शतकातील भाष्यकार सिंप्लिसियस याने दिलेल्या वृत्तांतावरून असे दिसते की, फेकणाऱ्याने दिलेली ऊर्ध्वगामी शक्ती हळूहळू क्षीण होते, ती वजनाच्या बरोबरीला आली की दगड वर जाण्याचे थांबतो, आणि त्याखाली उतरली की तो पडू लागतो, अशी त्याची उपपत्ती होती. सिंप्लिसियसचाच समकालीन फिलोपोनस यानेही हवेचा आधार नाकारून फेकणाऱ्याकडून पदार्थात एक अमूर्त शक्ती घातली जाते असे प्रतिपादन केले. आपल्याकडील वैशेषिक दर्शनात बाणाच्या गतीचे जे विवेचन आहे ते या मताच्या बरेच जवळ जाते. धनुष्याच्या दोरीने पहिले कर्म उत्पन्न होते, त्या कर्मापासून वेग नावाचा संस्कार उत्पन्न होतो, पुढील सर्व कर्मे तो संस्कार घडवितो, आणि तो नष्ट झाला की गुरुत्वामुळे बाण पडतो. स्पर्शवान द्रव्याशी होणारा विशिष्ट संयोग हा या वेगाचा विरोधी होय, असे प्रशस्तपाद सांगतो. घर्षणाने गती नाहीशी होते ही गोष्ट याहून नेमक्या शब्दांत सांगणे त्या काळी शक्य नव्हते. परंतु ग्रीक काय किंवा भारतीय काय, संस्कार ‘क्षीण होतो’ म्हणजे किती वेळात किती क्षीण होतो, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. क्षय हा गुण होता. त्याला माप नव्हते.

माप आले ते अनपेक्षित दिशेने, तर्कशास्त्राच्या वर्गातून. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात थॉमस ब्रॅडवर्डीन, विल्यम हेट्सबरी, जॉन डंबलटन आणि रिचर्ड स्वाइन्सहेड ही मंडळी गुणांच्या वृद्धि-क्षयाचे विवेचन करीत होती. उष्णता वाढते, पांढरेपणा कमी होतो, माणसाचे औदार्य वाढते. या सर्वांना त्यांनी एकच भाषा लावली. गुणाच्या आवाक्याला ते ‘विस्तार’ म्हणत आणि त्यातील प्रत्येक पायरीला ‘अंश’. वेग हाही असाच एक गुण. समान काळात समान अंश मिळविणारी किंवा गमावणारी गती ती ‘एकविध विषम’ गती होय. हा शब्दप्रयोग पहिल्या वाचनी विचित्र वाटतो, कारण विषम तीच एकविध कशी असेल? पण त्याचे सामर्थ्य याच जोडणीत आहे. वेग बदलतो, म्हणून गती विषम. पण बदल एकसारखा होतो, म्हणून ती एकविध. बदलाच्या दराला स्वतंत्र नाव नसताना ती कल्पना दोन जुन्या विशेषणांना जोडून उभी करण्यात आली, आणि ही गोष्ट शब्दशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य ध्यानात घ्यावी अशी आहे.

हेट्सबरीने १३३५ साली तर्कातील कूटे सोडविण्याचे नियम सांगणारा जो ग्रंथ लिहिला, त्यात मध्यमवेगाचा प्रसिद्ध नियम येतो. शून्यापासून असो वा एखाद्या सान्त अंशापासून असो, वेगाचा जो विस्तार एकविध रीतीने मिळविला किंवा गमावला जातो तो आपल्या मध्य अंशाशी तुल्य असतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे तेवढ्याच वेळात मधल्या वेगाने सरळ चाललेला पदार्थ जेवढे अंतर काटील तेवढेच अंतर हाही काटतो. येथे ‘किंवा गमावला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वाढणारी व घटणारी गती यांसाठी दोन नियम लागत नाहीत, एकच पुरतो, हे हेट्सबरीने पहिल्याच मांडणीत सांगून टाकले. आठ अंशांच्या वेगाने निघालेला पदार्थ एका तासात एकविध रीतीने थांबत असेल, तर तो चार अंशांच्या वेगाने तासभर चालल्याइतके अंतर जाईल. आणि त्यातील तीन भाग पहिल्या अर्ध्या तासात व एकच भाग दुसऱ्या अर्ध्या तासात काटील. पाठ्यपुस्तकातील निम्मी उदाहरणे एवढ्यावर सुटतात. त्यासाठी सूत्र लागत नाही.

याच ग्रंथाचे एक प्रकरण ‘आरंभ होतो’ व ‘संपतो’ या दोन क्रियापदांना वाहिलेले आहे. थांबणाऱ्या पदार्थाच्या गतीचा शेवटचा क्षण कोणता? स्थिरतेचा पहिला क्षण दाखविता येतो. पण त्याआधीचा कोणताही क्षण घेतला तरी त्याच्या आणि स्थिरतेच्या मध्ये आणखी क्षण उरतातच. म्हणून गतीला शेवटचा क्षण नसतो, स्थिरतेला मात्र पहिला असतो, असा निर्णय त्या परंपरेत झाला. ही निव्वळ शब्दांची कसरत, असे म्हणून पुढील काळातील मानवतावाद्यांनी मर्टनच्या मंडळींची थट्टा केली. पण कलनशास्त्रातील सीमेची कल्पना शिकविणाऱ्या अध्यापकाला ही कसरत ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाही.

पॅरिसमध्ये निकोल ओरेम याने चौदाव्या शतकाच्या मध्यास हाच नियम आकृतीने दाखविला. आडव्या रेषेवर काल घ्यावा, प्रत्येक क्षणाच्या वेगाइतका लंब उभारावा. शून्यापर्यंत उतरणाऱ्या एकविध गतीसाठी काटकोन त्रिकोण तयार होतो आणि त्याचे क्षेत्रफळ निम्म्या उंचीच्या आयताइतके भरते. त्रिकोण उलटा धरला की थांबण्याचा त्रिकोण निघण्याचा होतो. आजही वर्गात याहून चांगली सिद्धता देता येत नाही.

असे असूनही या मंडळींपैकी कोणीही दगड उचलून फेकला नाही. त्यांच्या लेखी एकविध मंदन ही एक शक्य कल्पना होती; निसर्गात ती कोठे आढळते की नाही हा त्यांचा प्रश्नच नव्हता. सालामांका येथील दोमिंगो दे सोतो याने १५५१ साली प्रसिद्ध झालेल्या ॲरिस्टॉटलवरील भाष्यात मात्र स्वाभाविक रीतीने पडणारे आणि फेकलेले पदार्थ हेच या एकविध विषम गतीचे उदाहरण होत, असे सहज जाता जाता म्हटले आहे. त्याने प्रयोग केला नाही व पुरावाही दिला नाही. या नोंदीकडे विसाव्या शतकाच्या आरंभी प्येर द्युएम याने विद्वानांचे लक्ष वेधले, तेव्हा गॅलिलिओचे श्रेय किती कमी करावे यावर बराच खल झाला. ते फारसे कमी होत नाही. एखादे वाक्य बरोबर असणे निराळे, आणि त्या वाक्यावर सगळे शास्त्र उभे करणे निराळे.

गॅलिलिओने पिसा येथे सुमारे १५९० साली गतीवर जे लिहिले त्यात वर फेकलेल्या दगडाची उपपत्ती हिपार्कसच्याच वळणाची आहे. १६०४ च्या ऑक्टोबरात पाओलो सार्पी यास लिहिलेल्या पत्रात पडण्याची अंतरे कालाच्या वर्गाच्या प्रमाणात असतात हा योग्य निष्कर्ष आहे. पण तो ज्या तत्त्वावरून काढल्याचे त्याने सांगितले ते तत्त्व चुकीचे आहे. वेग हा आरंभबिंदूपासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे तो तेथे धरून चालला आहे. हाच तो दुहेरी प्रश्न: वेग मोजावयाचा तो कालाच्या हिशेबाने की अंतराच्या? बुद्धीचा पहिला कौल अंतराच्या बाजूने पडतो, कारण अंतर डोळ्यांना दिसते. हा गुंता गॅलिलिओलासुद्धा सुटण्यास पुढे वर्षे लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे अंतर अर्धे झाले की वेगही अर्धा होईल असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर परीक्षकाने फार रागावू नये असे वाटते. अंतर अर्धे झाले असता थांबणाऱ्या पदार्थाजवळ मूळ वेगाचा सुमारे ७१ टक्के वेग शिल्लक असतो. वेग अर्धा होतो तो काल अर्धा झाल्यावर, आणि तोवर तीन-चतुर्थांश अंतर संपलेले असते.

१६३८ साली लायडन येथे एल्झेविर यांनी छापलेल्या ‘दोन नवी शास्त्रे’ या संवादग्रंथात, तिसऱ्या दिवशी, एकविध प्रवेगाची व्याख्या कालाच्या आधारेच केलेली आहे. त्यानंतर समान कालखंडांत काटलेली अंतरे १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात असतात हा नियम येतो. उतरत्या फळीवरून सोडलेला काशाचा गोळा, पाण्याच्या धारेने मोजलेला काल, शंभरदा केलेली पुनरावृत्ती हे वर्णन सर्वपरिचित आहे. मंदनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग त्याच्या आगेमागे आहे. सॅग्रेडो हे पात्र वर फेकलेल्या दगडातील शक्ती क्रमाक्रमाने घटते ही जुनी उपपत्ती मोठ्या उत्साहाने मांडते, तेव्हा साल्व्हियाती तिचे खंडन करीत नाही. कारणाची चौकशी करण्याचा हा प्रसंग नव्हे, प्रथम गतीचे धर्म तपासावेत, असे सांगून तो विषय बाजूला ठेवतो. येथे दोन हजार वर्षांची एक पृच्छा गणिताच्या वाटेतून हटविली गेली. ‘दगडातून काय संपते?’ हे न विचारता ‘वेग कसा घटतो?’ एवढेच विचारावयाचे. आणि याचे उत्तर उतरणीच्या गणितात आधीच होते. एका उतरणीवरून सुटलेला गोळा समोरच्या चढणीवर मूळ उंचीपर्यंत जातो, मग चढण तीव्र असो वा सौम्य. भिंतीत खिळा ठोकून दोरी मध्येच अडविलेला लंबक तीच उंची गाठतो. तेव्हा थांबणे म्हणजे निघण्याची उलटी आवृत्ती होय. ५ सेकंदांत थांबणारा पदार्थ ९, ७, ५, ३, १ या क्रमाने अंतरे काटतो. ही पाच संख्यांची माळ ज्याला कळली त्याने मंदनाची उदाहरणे तोंडी सोडवावीत. सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारी गाडी ५ सेकंदांत थांबली, तर सरासरी वेग १० आणि अंतर ५० मीटर. त्याचे २५ भाग केले की एक भाग २ मीटरांचा. म्हणून पहिल्या सेकंदात १८ मीटर, शेवटच्या सेकंदात अवघे २.

साल्व्हियातीने बाजूला ठेवलेला प्रश्न मात्र मेला नव्हता. देकार्तने १६४४ साली गतीचे परिमाण म्हणजे पदार्थाचे आकारमान गुणिले वेग असे सांगितले होते, आणि विश्वातील ही एकूण राशी ईश्वराने कायम राखली आहे असे म्हटले होते. १६८६ च्या मार्च महिन्यात लायब्निझने ‘आक्टा एरुडिटोरम’ या नियतकालिकात देकार्तची संस्मरणीय चूक दाखविणारा एक छोटा लेख लिहिला. एक पौंडाचे वजन चार हात उंच नेण्यास जेवढी शक्ती लागते तेवढीच चार पौंडांचे वजन एक हात उंच नेण्यास लागते, हे देकार्तलाही मान्य होते. परंतु गॅलिलिओच्या नियमाने चार हात पडलेल्या पदार्थाचा वेग एक हात पडलेल्याच्या फक्त दुप्पट असतो. म्हणून देकार्तच्या मापाने पहिल्याची शक्ती दोन आणि दुसऱ्याची चार भरते. ती सारखी यावयाची असेल तर वेगाचा वर्ग घेतला पाहिजे. याच राशीला पुढे लायब्निझने ‘सजीव शक्ती’ असे नाव दिले.

आबे कातेलाँ याने देकार्तच्या बाजूने उत्तर दिले, की हे दोन पदार्थ आपापल्या उंचीवर चढण्यास सारखा वेळ घेत नाहीत; एकाला दुसऱ्याच्या दुप्पट वेळ लागतो; म्हणून त्यांची तुलनाच अन्याय्य आहे. आज हा आक्षेप वाचताना प्रश्नाचे मर्म कातेलाँच्या तोंडून निसटून गेल्यासारखे वाटते. गुरुत्वाने केलेला विरोध कालावर मोजला तर वेगाच्या प्रमाणात येतो. अंतरावर मोजला तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. एकाच थांबण्याचे हे दोन हिशेब आहेत. पण दोन्ही पक्षांना ‘शक्ती’ हा एकच शब्द हवा होता, आणि एका शब्दाला दोन मापे कशी असतील असे दोघांनाही वाटत होते.

वाद सुमारे १७२० नंतर विशेष पेटला. हॉलंडमध्ये ग्राफेसांडे याने सारख्या आकाराचे पण निरनिराळ्या वजनांचे पितळी गोळे ओल्या चिकणमातीवर टाकले. १७२२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, वजने आणि पडण्याच्या उंची व्यस्त प्रमाणात घेतल्या असता मातीत सारखेच खड्डे पडतात असे आढळले. म्हणजे खड्डा वेगाच्या वर्गाप्रमाणे होतो. त्यापूर्वी विरुद्ध मताचा असलेला ग्राफेसांडे या एका प्रयोगाने लायब्निझच्या पक्षात गेला. इटलीत पोलेनी यानेही अशाच प्रयोगांतून तोच निष्कर्ष काढला होता. चिकणमाती ही त्या काळची ब्रेक होती, असे म्हणावयास हरकत नाही.

या वादात मेराँ याने १७२८ साली पॅरिसच्या अकादमीपुढे केलेला युक्तिवाद सर्वांत चमत्कारिक आणि, एका अर्थाने, सर्वांत बोधप्रद आहे. त्याने लायब्निझवाद्यांचे आवडते उदाहरण, म्हणजे वर जाताना मंदावणारा पदार्थ, हेच हाती घेतले आणि म्हटले की काटलेली अंतरे मोजू नका, न काटलेली मोजा. एक पदार्थ अशा वेगाने वर फेकला की वेग न घटता तर त्याने पहिल्या सेकंदात दोन मापे काटली असती. प्रत्यक्षात तो एक माप चढून थांबतो. तोटा एका मापाचा. दुसरा पदार्थ दुप्पट वेगाने फेकला. वेग न घटता तर पहिल्या सेकंदात चार मापे काटता. काटली तीन, तोटा एक. उरलेल्या वेगाने दुसऱ्या सेकंदात दोन मापे काटता. काटले एक, तोटा पुन्हा एक. काटलेली मापे एकूण चार, पण तोटा एकूण दोन. तेव्हा शक्तीचा खरा क्षय वेगाच्याच प्रमाणात आहे. या हिशेबात एकही चूक नाही. मेराँने जे मोजले ते वस्तुतः कालच होते, कारण प्रत्येक सेकंदाला तोटा एकच माप असल्यावर तोटा मोजणे म्हणजे सेकंद मोजणे. मादाम द्यु शातले हिने १७४० सालच्या आपल्या पदार्थविज्ञानावरील ग्रंथात मेराँवर कडक टीका केली. शक्ती मोजावयाची ती तिने प्रत्यक्ष दूर केलेल्या अडथळ्यांवरून, जे घडलेच नाही त्यावरून कशी मोजता येईल, असा तिच्या म्हणण्याचा रोख होता. मेराँ त्या सुमारास अकादमीचा चिटणीस झाला होता. त्याने १७४१ साली जाहीर उत्तर दिले, आणि थोड्याच आठवड्यांत तिनेही प्रत्युत्तर छापले. अकादमीचे दार स्त्रियांना बंद असलेल्या काळात अकादमीच्या चिटणिसाला तिची दखल घ्यावी लागली, ही गोष्ट त्या वादाच्या निकालाइतकीच लक्षात राहण्याजोगी आहे.

१७४३ साली द’आलाँबेरने आपल्या गतिशास्त्राच्या प्रस्तावनेत मंदावणाऱ्या गतीचेच उदाहरण घेऊन दोन्ही मापे दाखविली. अडथळ्यांची केवळ संख्या धरली तर वेगाचा वर्ग येतो, आणि प्रत्येक क्षणाच्या विरोधांची बेरीज धरली तर वेग येतो; ज्याला जे माप घ्यावयाचे असेल त्याने ते घ्यावे. उरलेला वाद त्याने निष्फळ तत्त्वचर्चा, किंबहुना तत्त्वज्ञांना न शोभणारा शब्दांचा वाद म्हणून निकालात काढला. त्याचे गणित बरोबर आहे. त्याचा तिरस्कार मात्र सहज मान्य करता येत नाही. शब्दांचा वाद होता हे खरे, पण म्हणून तो क्षुल्लक कसा ठरतो? ज्या दोन राशी वेगळ्या ओळखण्यास दोन शब्द नव्हते, त्या वेगळ्या ओळखल्याच जात नव्हत्या. यंत्रशास्त्राच्या गरजेतून १८२९ साली कोरिओलिसने बल गुणिले अंतर या राशीला ‘कार्य’ असे नाव दिले, सजीव शक्तीला निम्मे करून तिचा कार्याशी मेळ घातला, आणि मगच थांबण्याचे अंतर व थांबण्याचा काल यांची खाती कायमची निराळी झाली. हे काम द’आलाँबेरच्या निवाड्याने झाले नव्हते.

इतके होईपर्यंत मंदनाचे मुख्य उदाहरण वर फेकलेला दगड हेच होते. कूलाँच्या घर्षणावरील प्रबंधाने, ज्याला १७८१ साली पॅरिसच्या अकादमीचे पारितोषिक मिळाले, दुसरे उदाहरण पुढे आणले. कोरड्या पृष्ठांमधील घर्षण भाराच्या प्रमाणात असते आणि वेगावर फारसे अवलंबून नसते, असे त्यात दिसून आले. याचा अर्थ घासत थांबणाऱ्या पदार्थाचे मंदनही एकविध. गणित तेच, पण एका बाबतीत दोहोंत मोठा भेद आहे, आणि परीक्षेतील सर्वांत अधिक चुका याच ठिकाणी होतात. गुरुत्व दगडाला थांबवून परत खाली आणते. घर्षण गाडीला थांबविते आणि तेथेच संपते. वर घेतलेल्या गाडीचे मंदन दर सेकंदाला ४ मीटर-प्रति-सेकंद आहे. ब्रेक लावल्यापासून ८ सेकंदांत ती किती जाईल, असे विचारले तर सूत्रात आकडे घालणारा विद्यार्थी १६० मधून १२८ वजा करून ३२ मीटर असे उत्तर लिहितो. गाडी ५ सेकंदांतच ५० मीटरांवर उभी राहिलेली असते. सूत्राने तिला उरलेल्या ३ सेकंदांत १८ मीटर मागे आणले. वर फेकलेला दगड असता तर हेच उत्तर बरोबर ठरले असते. तेव्हा कोणत्याही उदाहरणात पहिला प्रश्न काढावयाचा तो थांबण्याच्या कालाचा. तो कळल्यावाचून अंतराच्या सूत्राला हात घालू नये.

रेल्वेने हा विषय पुस्तकातून उचलून जिवावरच्या गोष्टींत आणून टाकला. आरंभीच्या गाड्यांत एंजिनवाल्याने शिटी द्यावी आणि निरनिराळ्या डब्यांतील ब्रेकवाल्यांनी हाताने चाके आवळावीत अशी व्यवस्था होती. वेग वाढत गेले तसे थांबण्याचे अंतर वर्गाने वाढत गेले, आणि ही वाढ कोणाच्याही अंदाजात बसेना. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली हवेच्या दाबाचा ब्रेक आणि १८७२ साली गाडी तुटली तरी आपोआप लागणारा ब्रेक सिद्ध केला. १८७८ साली कॅप्टन डग्लस गॉल्टन याने वेस्टिंगहाउसच्या सहकार्याने इंग्लंडातील ब्रायटन मार्गावर जे प्रयोग केले, त्यांनी कूलाँच्या नियमाला मुरड घातली. बिडाचा ब्रेक आणि पोलादी चाक यांमधील घर्षण वेगाबरोबर झपाट्याने कमी होते. ताशी ६० मैल वेगाला ते, गाडी थांबण्याच्या बेतात असतानाच्या मानाने, सुमारे एक-चतुर्थांशच राहते. शिवाय चाक पूर्ण आवळले जाऊन रुळावर घसरू लागले की मंदन वाढण्याऐवजी घटते. म्हणजे ब्रेकचा दाब कायम ठेवला तर मंदन एकविध नसते. ते एकविध राखावयाचे असेल तर आरंभी दाब अधिक आणि वेग उतरेल तसा कमी करीत गेले पाहिजे. मर्टनच्या तर्कपंडितांनी केवळ कल्पना म्हणून मांडलेली गती यंत्रज्ञांना साडेपाचशे वर्षांनी मुद्दाम घडवून आणावी लागली. १८८९ च्या १२ जून रोजी आयर्लंडात आर्मा येथे सहलीच्या गाडीचे सोडविलेले डबे उतारावरून मागे धावून सुमारे ८० जीव गेले. त्या डब्यांचे ब्रेक आपोआप लागणारे नव्हते. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा सलग ब्रेक सक्तीचा केला.

उताराचा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर सर्वांत तीव्र चढ ३७ स एक असा आहे. अशा उतारावर गुरुत्व गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे ०.२६५ मीटर-प्रति-सेकंद इतका वाढवू पाहते. सपाटीवर ब्रेकचे मंदन ०.५ धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी सपाटीवर सुमारे ७० मीटरांत थांबेल. उतारावर मंदन ०.२३५ च उरते आणि तीच गाडी सुमारे १४८ मीटर घेते. ब्रेक अगदीच निकामी झाला तर गाडी चढावर नेऊन थोपविण्यासाठी घाटात कॅच सायडिंग ठेवलेली आहेत. येथे गॅलिलिओच्या दोन उतरणी लोखंडी रुळांवर उतरल्या आहेत. घर्षण सोडून दिले तर ताशी ३० किलोमीटर वेगाच्या गाडीला थांबण्यास साडेतीन मीटरांची उंची पुरते, ताशी ६० ला मात्र १४ मीटरांहून अधिक लागते. सायडिंगचा चढ किती तीव्र आहे यावर लांबी अवलंबून राहील, उंची नव्हे; आणि गाडीत किती डबे आहेत याचाही या आकड्याशी संबंध नाही.

गॉल्टनच्या काळी इंग्रजीत या राशीला ‘रिटार्डेशन’ म्हणत. ‘डिसेलरेशन’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडला, तोही ‘ॲक्सेलरेशन’च्या विरुद्धार्थी म्हणून. मराठीत प्रवेग आणि त्वरण हे दोन्ही शब्द चालतात, आणि त्यांच्या जोडीला मंदन व ऋण त्वरण. शेवटचे दोन शब्द समानार्थी समजले जातात, पण ते तसे नाहीत. ऊर्ध्व दिशा धन मानली तर पडणाऱ्या दगडाचे त्वरण ऋण असते, आणि तो मंदावत तर नसतोच, उलट अधिकाधिक वेगाने येत असतो. मंदन म्हणजे वेगाच्या विरुद्ध दिशेचे त्वरण. ऋण म्हणजे आपण निवडलेल्या दिशेच्या विरुद्ध. पहिली गोष्ट पदार्थाची आहे, दुसरी कागदाची. पाठ्यपुस्तकांनी हे दोन शब्द निरनिराळ्या परिच्छेदांत ठेवले तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

अंतराचे माप आणि कालाचे माप यांतील भेद आज सर्वांत महाग पडतो तो रस्त्यावर. एका मोटारीचा वेग ताशी ५० किलोमीटर असून तिचा ब्रेक लागताच ती अडथळ्याला जेमतेम न स्पर्श करता थांबते असे धरू. तिच्याच शेजारून, त्याच जागी ब्रेक लावणारी, तितक्याच मंदनाची दुसरी मोटार ताशी ७० ने आली तर ती अडथळ्यावर कोणत्या वेगाने आदळेल? बहुतेक जण २० म्हणतात, कारण ७० मधून ५० वजा केले की २० उरतात. परंतु समान अंतरात वेग समान प्रमाणात कमी होत नाही. वेगाचा वर्ग समान प्रमाणात कमी होतो. ४९०० मधून २५०० गेले, उरले २४००, आणि त्याचे वर्गमूळ ४९. ज्या वेगाने पहिली मोटार ब्रेक लावण्यापूर्वी धावत होती जवळजवळ त्याच वेगाने दुसरी आदळते. यात चालकाचा पाय ब्रेकवर जाण्यास लागणारा काल धरलेला नाही. तो दोघांसाठी एक सेकंद, आणि मंदन दर सेकंदाला ७ मीटर-प्रति-सेकंद धरला, तर दुसऱ्या मोटारीचे १९ मीटर नुसते विचारातच जातात, ब्रेकसाठी तिला ८ मीटरांहून थोडेच अधिक अंतर उरते, आणि आघाताचा वेग ताशी सुमारे ५८ किलोमीटर निघतो.